किडनीत पाण्याच्या गाठी आणि हृदयाची काळजी: पॉलिसिस्टिक किडनी असलेल्या घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, राधानगरी, शिवाय सीमेपलीकडच्या निपाणीकडूनही माणसं फाईल घेऊन आमच्या ओपीडीत येतात. फाईल उघडली की घरच्यांचं पहिलं बोट क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, आकड्यावर जातं. तो एकच्या आसपास दिसला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेला १५०/९६ हा बीपी मात्र कुणी वाचत नाही. पुढची बहुतेक उत्तरं त्या कोपऱ्यातल्या आकड्याबद्दल आहेत.

हा नेमका कोणता आजार? साध्या सोनोग्राफीत एक गाठ दिसली, तोच का?

नाही. पन्नाशीनंतर किडनीत पाण्याची एखाददुसरी गाठ पुष्कळांना असते, तिचा बाऊ करू नये. इथं बोलतोय ते एडीपीकेडी, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी या वंशानं येणाऱ्या आजाराबद्दल. यात दोन्ही किडन्यांत वर्षानुवर्षं गाठी वाढत जातात आणि किडन्या मोठ्या होत जातात. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. बहुतेक घरांत दोष पीकेडी१ या जनुकात असतो, काही घरांत पीकेडी२ मध्ये. पीकेडी२ वाल्यांचा आजार साधारणपणे संथ चालतो. घरात कुणालाच नव्हता आणि एकाला निघाला, असंही होतं, पण थोड्या जणांत.

आजार किडनीचा, मग हृदयाचा संबंध कुठून आला?

दोन वाटांनी आला. पहिली वाट किडनीतूनच जाते. गाठी वाढल्या की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. किडनीच्या त्या भागाला रक्त कमी पोचतं आणि तिला वाटतं, अंगातलाच दाब पडलाय. मग ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ-पाणी अंगात राहतं आणि बीपी चढतो. हे सगळं चालू असताना क्रिएटिनिन अगदी सरळ असू शकतं, कारण किडनीचा उरलेला चांगला भाग बरीच वर्षं काम ओढून नेतो.

दुसरी वाट लोकांना माहीत नसते. बिघडलेल्या जनुकांवरून जी प्रथिनं बनतात, ती पॉलिसिस्टिनं, फक्त किडनीत नसतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात आणि त्यांच्या स्नायूंतही ती असतात. त्यामुळे वाहिनीची भिंतच मुळात थोडी कच्ची राहू शकते. काहींत मेंदूतल्या धमनीला फुगा येतो, हृदयाची झडप सैल पडते, महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचं, मूळ रुंदावतं. या आजाराच्या माणसांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचंच असतं. एवढं असूनही घराघरांत चर्चा मात्र एकच: डायलिसिस कधी लागेल?

मी २६ वर्षांचा, काही त्रास नाही. आत्तापासून बीपी कशाला बघायचा?

“आत्ता तर पोरगं हाय ओ डॉक्टर, बीपी बापाला हाय,” हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. पण या आजारात बीपी पोरवयातच गाठतो. साधारण ६० टक्के रुग्णांत किडनीचं काम कमी व्हायच्या आधीच तो वाढलेला असतो आणि तो सुरू होण्याचं वय तिशीच्या आसपास असतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस शेतात ऊस तोडतो, संध्याकाळी फुटबॉल खेळतो. तेवढ्यात हृदयाचा डावा कप्पा वाढीव दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून जाड होत असतो. हा जाडपणा पुढं हृदयाची ठोक्यांची लय बिघडवतो, दम लागायला लावतो.

आई-वडिलांपैकी कुणाला आजार असेल तर मुलांचा बीपी पाचव्या वर्षापासून अधूनमधून बघावा. मुलांचे आकडे वय आणि उंचीप्रमाणं वेगळे असतात, म्हणून मोठ्या माणसाच्या आकड्याशी घरी ताळा करू नका. बालरोगतज्ज्ञांकडचं कोष्टक हवं.

बीपी नेमका किती असला पाहिजे? १४० पर्यंत चालतो म्हणतात.

या आजारात चालत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या हॉल्ट-पीकेडी या अभ्यासाचे निष्कर्ष आले. किडनीचं काम अजून चांगलं असलेल्या, १५ ते ४९ वयाच्या रुग्णांचे त्यात दोन गट होते. एका गटाचा बीपी १२०/७० ते १३०/८० ठेवला, दुसऱ्याचा त्याहून खाली, ९५/६० ते ११०/७५. खालच्या गटात किडन्या फुगण्याचा वेग १४ टक्क्यांनी कमी झाला, लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन घटलं आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याचा जाडपणा जास्त उतरला. किडनीच्या कामाच्या एकूण घसरणीत मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, आणि खालच्या गटात चक्कर येण्याची तक्रार जास्त होती.

म्हणून पन्नाशीच्या आतल्या, किडनी चांगली असलेल्या माणसाला, सोसत असेल तर, घरच्या मोजणीत ११०/७५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करतात. वय जास्त असेल किंवा किडनी थकलेली असेल तर वरचा आकडा १२० च्या खाली, तोही सोसेल तसा. साठीच्या आजीला उठताना डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर हट्टानं ११० गाठायचं काही कारण नाही. पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते महाग पडेल. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

घरी मशीनवर मोजतो, पण दर वेळी वेगळाच आकडा येतो.

येणारच. बीपी दिवसभर हलत असतो. पण बऱ्याचदा मोजायची रीतच चुकलेली असते. वरच्या दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्टा आकडा खोटाच वाढवून दाखवतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी काही नको. लघवी तुंबलेली नको. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नकोत. पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि रात्री, असं आठवडाभर केलं की त्या वहीवरून डॉक्टरांना खरं चित्र कळतं. दवाखान्याचा जिना चढून, घाम पुसत, नंबर गेला की काय या धास्तीत मोजलेल्या एका आकड्यावरून औषध बदलायला मला स्वतःला आवडत नाही. आणि जोडीला सगळ्या घराचा बीपी मोजत बसू नका, म्हणजे मशीन तुमच्या वाट्याला येईल.

कोणती गोळी देतात? एकदा सुरू झाली की जन्माची लागली का?

रेनिनची साखळी तोडणाऱ्या गोळ्यांपासून सुरुवात होते: रॅमिप्रिल, एनालाप्रिल या एका जातीच्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन दुसऱ्या जातीच्या. पहिल्या जातीनं कोरडा खोकला येऊ शकतो, मग दुसरी देतात. दोन्ही एकदम घेऊन जास्त फायदा होत नाही, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर दोन्ही आल्या असतील तर लगेच सांगा. त्यानं भागलं नाही तर अॅम्लोडिपिन किंवा दुसरं काही जोडतात.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. क्रिएटिनिन थोडं चढतं. पूर्वीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंतची चढ बहुधा चालून जाते. शेजारच्यानं “गोळीनं किडनी खराब केली” म्हटलं म्हणून बंद करू नका, आधी विचारा. जुलाब-उलट्या लागून अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हा मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी ही गोळी काही दिवस थांबवावी लागू शकते. आणि हो, बहुतेकांना ती जन्मभर लागते. ती लागणं म्हणजे आजार बळावला असं नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांचं वेगळं सांगतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या गोळ्या बीपी चढवतात आणि किडनीलाही त्रास देतात. बीपीच्या गोळीसोबत त्या चालू असतील तर आपण एका हातानं बीपी उतरवतोय आणि दुसऱ्यानं चढवतोय. मेडिकल दुकानातून “कंबर धरलीय, काहीतरी द्या” म्हणून आणलेली पाकिटं बहुधा याच जातीची असतात.

तिखट सोडू की मीठ?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. मिठाचं बघा. तिखटानं पोटात आग पडेल, पण बीपी वाढतो तो मिठानं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं धरून: भाकरीच्या पिठातलं, आमटीतलं, लोणच्यातलं, बाहेर खाल्लेलं.

घरात हिशोब करायची सोपी रीत आहे. चार माणसांना महिन्याला जास्तीत जास्त ६०० ग्रॅम मीठ पुरायला हवं. म्हणजे एक किलोची पुडी पन्नास दिवस चालायला हवी. पुडीवर ती फोडल्याची तारीख लिहून ठेवा. बहुतेक घरांत ती महिन्याच्या आत संपते, आणि त्यात पापड, भडंग, फरसाण, बिस्किटं, वडापाव धरलेलेच नसतात. तांबडा रस्सा वाटीभर घेतला तर आभाळ कोसळत नाही. पण रस्सा घटाघटा चार वाट्या, सोबत खर्डा, वर पापड, आणि जेवणावर दोन चिमूट वरून मीठ, हे जमणार नाही. ताटात वरून मीठ घेणं बंद केलं तरी फरक पडतो. कांदा-लसूण चटणी घरी करत असाल तर त्यात मीठ निम्मं टाका, टिकायला उरलेली फ्रिजमध्ये ठेवा.

सैंधव चालेल का, हा पुढचा प्रश्न. तेही मीठच, सोडियम तेवढंच. आणि बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना न विचारता आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल आणि किडनी थकलेली असेल तर पोटॅशियम चढून हृदयाची लय बिघडू शकते.

हृदयाच्या कोणत्या तपासण्या करायच्या? टूडी इको सगळ्यांनीच का?

सरसकट सगळ्यांनी दरवर्षी करायची गरज नाही. बीपी वाढलेला असेल, डॉक्टरांना छातीत झडपेचा जादा आवाज ऐकू येत असेल, दम लागत असेल, धडधड होत असेल, किंवा घरात महाधमनी फाटण्याची घटना झाली असेल, तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावाच. ईसीजी साधा आणि स्वस्त आहे, पण डाव्या कप्प्याचा जाडपणा इकोइतका नीट दाखवत नाही.

इकोच्या रिपोर्टवर “मायट्रल झडप सैल” असं आलं. ऑपरेशन करावं लागेल का?

बहुधा नाही. मायट्रल झडप थोडी मागं फुगणं या आजारात बऱ्यापैकी दिसतं. जुन्या अभ्यासांत ते पावभर रुग्णांच्या आसपास आढळलं होतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. क्वचित झडपेतून रक्त मागं गळतं. गळती किती आहे त्यावर पुढची तपासणी ठरते. दात काढायच्या आधी फक्त या सैल झडपेसाठी अँटिबायोटिक घ्यायची गरज नसते. रिपोर्टवर हृदयाभोवती थोडं पाणी असंही कधी लिहिलेलं असतं, तेही बहुतेकदा निरुपद्रवी ठरतं. महाधमनीचं मूळ रुंद आहे असं लिहिलं असेल तर मात्र तो कागद जपून ठेवा आणि पुन्हा इको केव्हा करायचा ते विचारा.

मेंदूतल्या नसेला फुगा येतो, हे खरं का? सगळ्यांचा एमआरआय करायचा?

खरं आहे, पण ऐकायला जेवढं भयंकर वाटतं तेवढं सरसकट नाही. सर्वसामान्य लोकांत मेंदूच्या धमनीला फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, साधारण २ ते ३ टक्क्यांत असतो. या आजारात तो साधारण १० टक्क्यांच्या आसपास आढळतो. घरात आधी कुणाला फुगा किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर प्रमाण आणखी वाढतं. यातले बरेच फुगे लहान असतात आणि कधीच फुटत नाहीत. पण जो फुटतो तो जिवावर बेततो, आणि या आजारात तो तुलनेनं कमी वयात फुटतो.

तपासणी कुणी करावी? पहिलं, ज्याच्या मेंदूत आधी असा रक्तस्राव झालाय त्यानं. दुसरं, ज्याच्या रक्ताच्या नात्यात फुगा, मेंदूत रक्तस्राव किंवा कारण न कळलेला अचानक मृत्यू झालाय त्यानं. इथं मी घरच्यांना खोदून विचारतो. “थोरले चुलते गेले ते कशानं?” तर उत्तर येतं, “अहो, रानात डोकं धरून खाली बसले आणि गेले, झटका आला म्हणाले.” त्या काळी स्कॅन कुणी केला नव्हता. माझ्या हिशोबात असा मृत्यू फुग्याच्या बाजूनं धरायचा. तिसरं, एका माणसाच्या हातात अनेकांचा जीव असेल अशांची तपासणी विचारात घ्यावी: एसटीचा किंवा केएमटीच्या शहर बसचा चालक, वडापची प्रवासी जीप चालवणारा. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तेव्हाही हा विषय काढा. बाकीच्यांनी काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. चिंतेनं झोप उडाली असेल तर करून टाकण्यातही गैर नाही.

ही तपासणी एमआर अँजिओग्राफीनं होते. रक्तवाहिन्या बघायची एक पद्धत अशी आहे की तिला रंगाचं इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे किडनीची भीती नाही. घरात इतिहास असूनही पहिल्यांदा काही निघालं नाही तर ५ ते १० वर्षांनी पुन्हा बघतात. लहान फुगा निघाला तर अनेकदा नुसतं लक्ष ठेवतात, बीपी आटोक्यात ठेवतात, तंबाखू सोडायला लावतात. मोठा किंवा धोक्याच्या जागी असेल तर कवटी उघडून क्लिप लावतात किंवा मांडीच्या धमनीतून तार नेऊन आतून कॉइल भरतात. कोणतं करायचं, ते न्यूरोसर्जनचं काम.

साधी डोकेदुखी आणि धोक्याची डोकेदुखी ओळखायची कशी?

धोक्याची डोकेदुखी एका क्षणात, मिनिटभरात शिगेला पोचते. रुग्ण सांगतो, असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. सोबत उलटी, मान आखडणं, उजेड न सोसणं, शुद्ध हरपणं, झटके. कधी एका डोळ्याची पापणी एकाएकी खाली पडते आणि दोन-दोन दिसायला लागतात. यातलं काहीही झालं तर बाम चोळत बसू नका, क्रोसिन घेऊन झोपू नका, अॅस्पिरिन तर मुळीच नको. १०८ ला फोन करा आणि जिथं सीटी स्कॅन चोवीस तास होतो तिथंच जा. गावातल्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावण्यात जाणारे दोन तास जिवावर बेततात. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं: पेशंटला पॉलिसिस्टिक किडनी आहे.

आठवड्यातून दोनदा कपाळ दुखतं, उन्हातून आल्यावर दुखतं, चहा चुकला की दुखतं: ही ती नाही.

पोरगं तालमीत जातं. कुस्ती बंद करायची का?

हे सांगायचं म्हणजे डॉक्टरच्याही जिवावर येतं. खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात पैलवानाला “लढू नको” कसं सांगायचं? पण नुसतं होय-नाही करून चालत नाही, तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायला लागतात.

पहिलं म्हणजे किडन्या किती मोठ्या आहेत. मोठ्या झालेल्या किडन्या बरगड्यांच्या खाली उतरून पोटात पसरलेल्या असतात. त्यांवर गुडघा बसला किंवा पाठीवर जोरात आपटलं तर गाठ फुटून लघवीतून रक्त जाऊ शकतं. अशांनी लढत सोडलेली बरी. दुसरं म्हणजे दम रोखून जोर लावणं. जड वजन उचलताना, अंगाखाली सापडून डाव सोडवताना बीपी काही सेकंदांसाठी प्रचंड चढतो. महाधमनी रुंदावलेली असेल किंवा मेंदूत फुगा निघाला असेल तर हे चालणार नाही. तिसरं, बीपी आटोक्यात आहे का. किडन्या लहान, इको स्वच्छ, फुगा नाही, बीपी ताब्यात, असं असेल तर सोळा-सतरा वर्षांच्या पोराला सरसकट घरी बसवणं मला पटत नाही. वस्तादांना मात्र आजार सांगून ठेवावा. गोळी लपवून घेणारी पोरं पुढं गोळी घ्यायचीच सोडतात.

चालणं, सायकल, पोहणं, हलके जोर-बैठका यांना कुणाचीच बंदी नाही. रंकाळ्याला फेरी मारा, जोतिबाचा डोंगर दमानं चढा. वजन उतरवणंही कामाचं आहे. जाड माणसांत या किडन्या जास्त वेगानं वाढतात असं दिसलंय.

मावा खातो, सिगारेट नाही. तरी धोका?

आहे. धुराचा तंबाखू वाईट, पण मावा आणि तंबाखू-चुन्यातलं निकोटीनही नाडी आणि बीपी चढवतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मेंदूतला फुगा फुटण्याचा धोका वाढतो. पान टपरीवर उभं राहून “मी तर दिवसाला एकच पुडी” म्हणणाऱ्यांची पुडी किती मोठी असते, ते आम्हालाही दिसतं.

कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची का?

किडनीचा जुनाट आजार आहे आणि वय ५० च्या पुढं, तर बहुतेकांना स्टॅटिन द्यावं असंच धरतात. त्याआधी मधुमेह, आधीचा हार्ट अटॅक, लकवा किंवा इतर धोके असतील तर. नुसत्या किडनीतल्या गाठींसाठी पंचविशीच्या पोराला देत नाहीत.

छातीत दुखलं. अँजिओग्राफी केली तर किडनी जाईल म्हणून घरचे नको म्हणतात.

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, घाम सुटणं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणं, ही लक्षणं आली की आपल्याकडं पहिला निदान होतो “पित्त”, आणि पहिला उपचार सोडा-लिंबू. या आजाराच्या माणसानं हा खेळ करू नये. तातडीनं ईसीजी काढा.

अँजिओग्राफीत वापरतात त्या रंगानं किडनीला त्रास होऊ शकतो, हे खरं. धोका मुख्यतः ज्यांची किडनी आधीच बरीच थकलीय त्यांना. किडनी चांगली असेल तर तो कमी. खरा हार्ट अटॅक चालू असेल तेव्हा किडनीच्या भीतीनं नकार देणं म्हणजे किडनी वाचवायच्या नादात माणूस गमावणं. कार्डिओलॉजिस्टना आधी सांगा, म्हणजे ते रंग कमी वापरतील, गरजेप्रमाणं सलाईन देतील. तपासणी तातडीची नसेल तर नेफ्रोलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, बोलून तारीख ठरवा.

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू होतात. गाठ फुटून लघवी लाल झाली तर घाबरून त्या मनानं बंद करू नका. स्टेंट बंद पडला तर दुसरा अटॅक येतो. फोन करा, दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न करतात. त्यानं हा आजार वाढतो का?

या आजाराच्या बाबतीत नात्यातल्या लग्नाला वेगळा दोष देता येत नाही. तो एकाच पालकाकडून येतो. दुसरी बाजू नात्यातली असो की परकी, शक्यता ५० टक्केच. फक्त दोन्ही बाजूंना आजार असेल तर गोष्ट गंभीर होते, म्हणून मामाच्या घरातही आजार आहे का ते आधी बघा. लहान मुलांत दिसणारा पॉलिसिस्टिकचा दुसरा, दुर्मीळ प्रकार वेगळ्या रीतीनं येतो, त्यात नात्यातल्या लग्नाचा संबंध असतो.

सोनोग्राफीचं म्हणाल तर घरात आजार आहे असं नक्की असेल आणि वय १५ ते ३९ असेल, तर दोन्ही किडन्या मिळून तीन गाठी दिसल्या की निदान धरतात. चाळिशीनंतर प्रत्येक किडनीत दोन, साठीनंतर प्रत्येकीत चार. विशीत सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून कायमची सुटका झाली असं नाही. लग्न जमायच्या आधी मुलीची तपासणी करू नका, बोभाटा होईल, असं सांगणारे आई-बाप भेटतात. त्यांची भीती खोटी नाही. पण सोनोग्राफी नको तर नको, निदान बीपी तरी मोजा. बीपी मोजला म्हणून कुणाचं स्थळ मोडत नाही.

दिवस राहण्याआधी काय सांभाळायचं?

रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्या गर्भाला घातक. मूल हवं असं ठरलं की आधीच डॉक्टरांकडं जाऊन लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा यांपैकी काही सुरू करून घ्या. पाळी चुकल्यावर पळापळ नको. बीपी आधीपासून चढलेला असेल तर गर्भारपणात तो आणखी चढायचा, लघवीतून प्रथिनं जायचा धोका जास्त, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नेफ्रोलॉजिस्ट दोघांकडं नाव नोंदवा. बीपी आणि किडनी ठीक असेल तर पुष्कळ जणींची बाळंतपणं नीट होतात.

टोल्वॅप्टन ही नवी गोळी हृदयासाठीही चांगली का?

ती किडन्या फुगण्याचा वेग कमी करते, वेगानं बिघडणाऱ्या रुग्णांसाठी आहे. ती हृदयाची गोळी नाही, आणि ती चालू केली म्हणून बीपीची गोळी सुटत नाही. ती घेतल्यावर लघवी इतकी होते की दिवसाला काही लिटर पाणी प्यावंच लागतं. लिव्हरची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी लागते. ज्याला दिवसभर एसटी चालवायची आहे किंवा मे महिन्यात रानात राबायचंय, त्यानं सुरू करायच्या आधी दहादा विचार करावा.

डायलिसिस सुरू झालंय. आता हृदयाचं काय वेगळं बघायचं?

दोन डायलिसिसच्या मध्ये वाढणारं वजन. ते वजन म्हणजे पाणी, आणि ते हृदयावर पडतं. मीठ कमी केलं की तहान आपोआप कमी लागते. फॉस्फरस वाढला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साचतो, म्हणून फॉस्फरस उतरवायची गोळी जेवतानाच घ्यायची, जेवणानंतर तासाभरानं नाही.

किडनी बदलली, म्हणजे हा आजार संपला ना?

नव्या किडनीत गाठी होत नाहीत. पण रक्तवाहिन्या जुन्याच. मेंदूतल्या फुग्याचा धोका आणि बीपी दोन्हींकडं लक्ष ठेवावंच लागतं, शिवाय प्रत्यारोपणानंतरच्या काही गोळ्यांनी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल वाढतं. आणि भाऊ-बहीण किडनी द्यायला पुढं आले तर आधी त्यांना हा आजार नाही याची पक्की खात्री करावी लागते, तरुण देणाऱ्यासाठी एमआरआय किंवा जनुक तपासणीसुद्धा.

एवढा खर्च कुठून करायचा?

बीपीची वही आणि गोळ्या हा यातला सगळ्यात स्वस्त भाग. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर, हे सरकारी रुग्णालय आहे. साध्या तपासण्यांसाठी तिथून सुरुवात करता येते. डायलिसिस, अँजिओप्लास्टीसारख्या मोठ्या उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तुमचा उपचार तीत बसतो का, कागद कोणते लागतात, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल व्हायच्या आधी विचारा, बिल हातात आल्यावर नाही.

तपासणीला येताना काय आणू?

बीपीची वही. जुने सोनोग्राफी, इको, स्कॅनचे रिपोर्ट. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं. “पांढरी छोटी, सकाळची” एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. आयुर्वेदिक पुड्या आणि काढे चालू असतील तर तेही पिशवीत टाका. आणि एका कागदावर आजोबा, आजी, चुलते, आत्या, मामा, मावश्या यांतलं कोण कोणत्या वयात, कशानं गेलं ते लिहून आणा. हे घरातल्या म्हातारीला विचारून लिहा. तरुणांना त्यातलं निम्मंही ठाऊक नसतं.